लागलेली हळद

काळे बूट घालून मिठागराच्या बांधावर चालणाऱ्याला अक्कल नसते, हे दिपिकाला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी ती चालली. सकाळचे सात वाजत होते, नऊला कामावर, लग्नाच्या लॉनवर, पोचायचं होतं, आणि आयला काही विचारायचं तर आत्ताच विचारायला हवं होतं. एकदा ऊन तापलं की आय कुणाचं ऐकून घेत नसे. चौथ्या पावलाला बूट घसरला आणि खारा चिखल थेट मोज्यात शिरला.

"आयली बग तुजी मॅडम," तिचा बाप रामनाथ बायकोला म्हणाला आणि परत आपल्या पाटीला लागला.

धोंडूबाई घोटाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून लांब दांड्याच्या लाकडी फळीनं मीठ कडेला ओढत होती. पंधरा-वीस दिवसांत हंगाम संपणार होता. पश्चिमेला खाडीवर आभाळ रोज थोडं थोडं जमत होतं. एक सर आली असती तरी वाफ्यातलं सगळं मीठ पाण्यात गेलं असतं, म्हणून नवराबायको दोघं उजाडायच्या आत येऊन ओढत होती. जूचंद्रात आता मिठागरं राहिली होती किती? मागं नायगावचे टॉवर उभे होते, त्यांच्या बाल्कन्यांतून लोक चहा पिता पिता या दोघांचे फोटो काढायचे.

"आय, शुक्रवारी लॉनवर येशील? धवला गायचाय."

"कोनाचा लगीन हाय?" धोंडूबाईनं फळी न थांबवता विचारलं.

"लगीन नाय. शूटिंग हाय. कंपनीची जाहिरात."

फळी थांबली. "लगीन नाय तं धवला कसा?"

आता हा प्रश्न तिनं विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? पायाच्या टाचा मिठानं फुटलेली ही बाई गावची धवलारीण होती. गावात लग्न ठरलं की भटजीच्या आधी धोंडूबाईच्या दाराशी सुपारी यायची. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत दर कामाचा धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, तिला तोंडपाठ. ती गाणार तेव्हा पुढचं काम होणार, ती थांबली की मोठमोठे बाप्ये हात बांधून उभे राहणार. तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं. कागदावर कुठं एक अक्षर नव्हतं.

"थोराच म्हनायचाय गो. पंधरा मिनटं."

"थोरा म्हंजे कवरा? नवरी नाय, नवरा नाय, न मी घरच्या पितरांना नावानिशी आवतन देव? आयले म्हंजे काय सांगू त्यांना? का बाबांनू, गंमत केली, जा माघारी?"

रामनाथ हसला. दिपिकाला हसू आलं नाही. मोज्यातला चिखल चुरचुरत होता.

"आय, मना हेड करतान. नव्या लॉनची. अर्नाल्याच्या."

धोंडूबाईनं फळी बांधाला टेकवली आणि पोरीकडं नीट पाहिलं. चार वर्षं ती पाहत होती. पहिलं वर्ष पोरीनं पार्किंगची कुपनं फाडली. दुसरं वर्ष लोकांच्या लग्नात पाहुण्यांना दार उघडून दिलं. मग बुकिंगच्या टेबलावर बसवली. तिच्यामागून आलेली दोन माणसं तिच्या डोक्यावरून वर गेली, आणि का गेली, तर म्हणे क्लायंटशी बोलायला भाषा लागते. ते ऐकल्यापासून पोरगी आरशासमोर उभी राहून बोलायची सवय करत होती. घरात "पानी दे" म्हणणारी पोर फोनवर असं काही बोलायची, की रामनाथ विचारायचा, "कोन आयलंय घरान?"

आयला एक गोष्ट मात्र माहीत नव्हती. नोकरीच्या अर्जात दिपिकानं वडिलांच्या नावापुढं 'व्यवसाय' लिहिलं होतं आणि आईच्या नावापुढं 'गृहिणी'. कुठं राहतेस विचारलं की ती "नायगाव ईस्ट" म्हणायची. जूचंद्र हा शब्द चार वर्षांत तिच्या तोंडून ऑफिसात एकदाही निघाला नव्हता. चार वर्षं!

आणि हे सगळं झाकलेलं उघडं पडलं कसं? तर हर्षवर्धन सर, म्हणजे लॉनचे मोठे साहेब, कुणा गिऱ्हाईकाच्या हळदीला जूचंद्रात आले. तिथं मांडवात बसून एक बाई गातेय आणि तीनशे माणसं गप्प ऐकतायत, हे त्यांनी पाहिलं. शेजारचा कुणीतरी म्हणाला, ही तुमच्या दिपिकाची आय. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं. दिपिकाला वाटलं, आता खोटं लिहिल्याबद्दल झापणार. पण साहेब उठून उभे राहिले, हात जोडले. "अगं, घरात सोनं ठेवून तू नायगाव ईस्ट काय सांगत होतीस? आपली संस्कृती आहे ही! आपण नाही जपायची तर कुणी?" ज्या माणसानं दोन वर्षांपूर्वी तिला पाहुण्यांसमोर 'गावठी बोलू नकोस' म्हणून सांगितलं होतं, तोच हा माणूस. दिपिकाला त्या क्षणी राग यायला हवा होता. तिला आनंद झाला, आणि याची लाज तिला फार नंतर वाटली.

"हेड म्हंजे मोठा काम?" धोंडूबाईनं विचारलं.

"मोठा. साठ मानसं हाताखाली."

आयनं फळीला चिकटलेलं मीठ बोटानं खरवडलं. मग म्हणाली, "हलद दलायचा धवला म्हनेन. जात्याचा. त्याला नवरी लागत नाय. पन पाटावर कोनी बसायचा नाय न हलद कोनाला लावायची नाय. लागली का तो खेल नाय राहत."

"नाय लावनार."

"शब्द?"

"शब्द."

धोंडूबाईनं तिचा हात हातात घेऊन दाबला. तो हात मिठानं खरखरीत झालेला होता. दिपिकानं आपला हात लॉनवर पोचेपर्यंत धुतला नाही.

शुक्रवारी पहाटेच खाडीवरचं आभाळ खाली उतरलेलं होतं. धोंडूबाईचा पाय निघेना. "तू जा," रामनाथ म्हणाला. "मी मीठ वरतंय एकला. पोरीचा काम हाय." बासष्ट वर्षांचा माणूस, कमरेला पट्टा बांधून दोघांचं काम करायला निघाला. धोंडूबाईनं पहाटे उठून जात्यावर हळद दळली होती. विकतची पूड तिला चालत नसे, मग शूटिंग असो नाहीतर राजाचं लग्न असो. ती हळद, तांब्याचा कलश आणि आंब्याची पानं पिशवीत घालून ती पोरीच्या स्कूटीवर मागं बसली.

लॉनवर स्टेज उभारलं होतं. म्हणायला आगरी गाव. एका बाजूला होडी, तिच्यावर जाळं. दुसऱ्या बाजूला बैलगाडीचं चाक, मध्ये मातीचा हत्ती, आणि मागं प्लॅस्टिकच्या हिरव्या पानांचं झाड. धोंडूबाईनं त्या झाडाला हात लावून पाहिला.

"ह्यो कनचा झार?"

"उंबर आहे, मावशी," हर्षवर्धन सर पुढं येत म्हणाले. "तुमच्यात उंबर लागतो ना? रिसर्च केलाय आम्ही."

"उंबर असा असतं?" धोंडूबाई म्हणाली, आणि जागेची चौकशी केल्यासारखी शांतपणे बाजूला झाली.

सरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती आपली लग्नात नेसायची अबोली साडी नेसून आली होती, इस्त्री करून. सर दिपिकाकडं वळले. "ही नको. पॉलिस्टर आहे. ऑथेंटिक वाटत नाही. ज्युली, यांना हिरवं दे. आणि तो चष्मा काढा."

"चष्मा नाय काहारनार," धोंडूबाई म्हणाली. "मना दिसनार नाय."

"तुम्हाला काही बघायचंच नाहीये, मावशी. फक्त गायचंय."

दिपिका शेजारी उभी होती. तिनं आयच्या हातातली पिशवी तेवढी घेतली. ज्युलीनं, मेकअपच्या पोरीनं, धोंडूबाईला हाताला धरून आत नेलं. ती वटारची, ख्रिस्ती वाडीतली. साडीच्या निऱ्या घालताना ती हळूच म्हणाली, "गेल्या नाताळाला माझ्या मम्माचं लुगडं मागून घेतलं ह्यांनी. का, तर वसईचं ट्रॅडिशन. आणि नेसवलं कुणाला? स्वीट डिश वाटणाऱ्या पोरींना. मम्मा दोन दिवस जेवली नाही." तिनं धोंडूबाईचा नाकावर घसरलेला चष्मा वर सारला. "राहू दे. मी सांगते, काढताना काच फुटेल म्हणून."

दिपिका स्टेजकडं वळली तेव्हा स्टेजच्या मधोमध पाट मांडलेला होता. एक नव्हे, दोन. शेजारी कौस्तुभ नावाचा एक तगडा मॉडेल पोरगा धोतर सावरत बसला होता.

"सर, पाटावर कुणी बसायचं नाही असं ठरलं होतं."

"अगं, नुसतं जातं किती वेळ दाखवणार? लोक अंगठ्यानं पुढे ढकलतात. नवरी पाहिजे, हळद पाहिजे. तू म्हणालीस तेव्हा मी 'बघू' म्हणालो होतो." सरांचा फोन वाजला. ते बोलले, चिडले, ठेवला. नवरीची मॉडेल अंधेरीहून निघालीच नव्हती. त्यांनी घड्याळ पाहिलं, कॅमेरे पाहिले, मग त्यांची नजर दिपिकावर येऊन थांबली.

"तूच बस."

"मी?"

"उलट छान! खरी मुलगी, खरी आई. कुठल्या मॉडेलला जमणार नाही हे."

"सर, मी आयला शब्द दिलाय." तोंडातून 'आय' निघालं आणि तिचं तिलाच दचकायला झालं.

सरांनी तिला होडीच्या मागं नेलं. आवाज एकदम मऊ केला. "दिपिका, एका आईला समजावता येत नसेल तर उद्या साठ माणसांचा स्टाफ कसा समजावशील? पत्र टाइप होऊन माझ्या टेबलावर आहे. सही तेवढी राहिलीय. दोन बोटं हळदीचा प्रश्न आहे. तोंड धुतलंस की संपलं."

काय करील माणूस? चार वर्षं पार्किंगच्या धुळीत आणि लोकांच्या मांडवात काढलेली. अशा वेळी मन स्वतःलाच भरपूर कारणं देतं. आय समजून घेईल. हे काही खरं लग्न नाही. पुढच्या वेळी मी हेड असेन तेव्हा असं होऊ देणार नाही. ज्युलीनं तिला पिवळी साडी नेसवली. दिपिका पाटावर जाऊन बसली आणि मान खाली घातली. अंगावर दिवे पडले.

हिरव्या साडीतली धोंडूबाई कलश घेऊन स्टेजवर चढली आणि तिनं पाहिलं.

ती ओरडली नाही. जवळ आली, वाकली. "दीपे, तू बसलीस?"

"पाच मिनटं, आय," दिपिका पुटपुटली.

"शब्द दिलावतास."

 आईच्या पायाची फुटकी बोटं दिपिकाला दिसत होती, तेवढीच ती बघत राहिली.

"बसलीस म्हंजे बसलीस," धोंडूबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. मांडवात शिरल्यावर तो नेहमी असाच बदलायचा. तिनं शेजारच्या पोराला विचारलं, "बाला, तुजा नाव काय? बापाचा नाव? गाव कनचा?"

"कौस्तुभ. बाबा हेमंत. मूळचे सातारचे," तो हसत म्हणाला. स्टेजखाली सगळे खिदळले. "वा मावशी! हे ठेवा, हे ठेवा!" सर ओरडले.

धोंडूबाईनं डोळे मिटले आणि गायला लागली.

*उठा गो बायांनू, खारीला भरती आयली,*
*लेक माजी पाटावर, दारान सावली झायली...*

दिपिकानं मान वर केली. हा जात्याचा धवला नव्हता. हा खरा होता. लहानपणी आयच्या मांडीवर डोकं ठेवून शंभर मांडवांत तिनं तो ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं होतं, एक दिवस आय माझ्यासाठी गाईल. पोरगी पाटावर बसली तर धवला अर्धा सोडायचा कसा? धोंडूबाईला तो अर्धा येतच नव्हता. तिनं पाण्याला बोलावलं, मेढीला बोलावलं. मग घरच्या मेलेल्या माणसांना एकेक करून नावानं आवतन द्यायला लागली. आजा. आजी. रामनाथची बहीण, जी मिठागरात उन्हानं पडली ती. गाता गाता तिची बोटं कलशात बुडत होती आणि हळद लावत होती, आधी पायांना, मग गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला. तिच्या हाताच्या चिरांत हळद भरली होती. ती खरखर दिपिकाला गालावर जाणवली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कट!"

आजेसासूचं नाव धोंडूबाईच्या तोंडात अर्धंच राहिलं.

"मावशी, मस्त. पण ती नावांची यादी नको. बोअर होतं. डायरेक्ट हळद. आणि थोडं हसत हसत! लग्न आहे, मयत नाही," सर टाळी वाजवत स्टेजवर आले. "दिपिका, रडलीस ते छान, पण पुढच्या टेकला शेवटी रड. चला, हिची हळद पुसा, फ्रेश लावू. टेक टू!"

कुणी हललं नाही. ज्युलीच्या हातात ओल्या कागदी रुमालांचं पाकीट होतं आणि ती ते पाठीमागं धरून उभी होती.

"ज्युली, ऐकू येतं ना? पूस."

"मी नाही पुसणार, सर."

"काय नाटकं आहेत!" सरांनी पाकीट ओढून घेतलं, एक रुमाल काढला आणि स्वतःच दिपिकाच्या गालाकडं हात नेला.

"हात लावू नको!"

मिठागराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक घालणारा तो आवाज होता. माइक लागत नव्हता त्याला. लॉनच्या दुसऱ्या टोकाला खुर्च्या लावणारे वेटर थांबले.

"पाटावरच्या पोरीची लागलेली हलद कवा पुसतान, म्हाईत हाय तुला? नवरा मेला का पुसतान! माजे पोरीचा अजून लगीन नाय झायला न तू पुसाया निंगालास? दिवसाढवल्या? माजे डोल्यांसमोर?"

सर हसले. खरोखर हसले. "मावशी, अहो, खोटं खोटं आहे हे सगळं. शूटिंग आहे."

"खोटा तुजा झार. खोटा तुजा हत्ती. हलद मी पाटे दलली, माजे हातान. ती खरी हाय. बोलावलेली मानसा खरी हायत. तुला खोटा पायजे हुता तं खोट्या मानसांना बोलवायचा हुता, माजे घरान कं आयलास?"

"दिपिका, यांना जरा सांग," सर म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा रुमालाचा हात परत पुढं आला.

दिपिकानं ते मनगट धरलं. पाट्या उचललेल्या आईबापांची पोर ती, पकड काही नाजूक नव्हती. सरांचा चेहरा एकदम बदलला.

"टेक टू नाय, सर," ती म्हणाली. उठली, पाट आपल्या हातानं उचलून होडीला टेकवला, आयच्या पिशवीत कलश ठेवला आणि तिला स्टेजवरून खाली उतरवलं. पाठीमागून सर काय म्हणत होते ते तिनं ऐकलं नाही. एवढंच ऐकू आलं की ते "इमोशनल" म्हणाले.

पिवळी साडी नेसून स्कूटी चालवता येईना म्हणून दोघी रिक्षानं निघाल्या. आणि गाव काय आंधळं असतं? नाक्यावर भाजी घेणाऱ्या बायकांनी हळद लागलेली पोर पाहिली. "दीपे, कवा ठरला गो? आमाला आवतन नाय!" एक ओरडली, दुसरी हसली. दिपिकानं पदरानं तोंड झाकलं. धोंडूबाई समोर बघत बसली होती. सगळ्या वाटेत तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं दिपिकाला वाटत राहिलं.

घरी रामनाथ ओटीवर पालथा पडून होता. कंबर धरली होती. अर्धं मीठ ओढून झालं होतं, अर्धं वाफ्यातच. त्यानं पोरीचा चेहरा पाहिला, बायकोचा पाहिला, आणि कण्हत कुशीवर वळून वाट दिली.

धोंडूबाईनं चूल पेटवली. गॅस होता, तरी चूल पेटवली. भात घातला, सुकट भाजली. अंगणात केळीचं पान मांडलं, त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या.

"जेवन कोनाला, आय?"

"बोलावलंय ना मी? भरल्या तोंडानं बोलावलंय. तुजी आजी आयली असंल. तिला कंपनी म्हंजे काय ते कलतं? तिला वाटला, नातीचा लगीन हाय." धोंडूबाईचा आवाज इथं फाटला. "त्यानं कट म्हटला न ती दारान उभी राहिली असंल. उपाशी माघारी धारू तिला?"

दिपिका तिथंच चुलीपुढं खाली बसली आणि पोटातून रडली. अर्जातलं 'गृहिणी', 'नायगाव ईस्ट', होडीच्या मागं ऐकून घेतलेलं सगळं, एकेक करून तिनं आयला सांगितलं. धोंडूबाई भात वाढत ऐकत होती.

"माजा चुकला, आय."

"चुकला. माजा पन चुकला. मी उतरायची हुती तवाच." तिनं पानावर सुकट ठेवली. "आता ती हलद पुसू नको. साबन लावू नको. आपसूक उतरंल तवा उतरंल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दिपिका मिठागरात होती, बुटाशिवाय. रामनाथला उठता येत नव्हतं. तिनं फळी ओढली, पाट्या उचलल्या, बांधावर ढीग रचून वर ताडपत्री ओढली. दोन तासांत तळहाताला फोड आले आणि त्यांत मीठ शिरलं. आभाळ आलं, घोंगावलं आणि न पडता भाईंदरकडं सरकलं. पाय धुऊन, युनिफॉर्म चढवून ती लॉनवर गेली तेव्हा सव्वानऊ झाले होते. कपाळ, गाल, मान, हात, सगळं पिवळंच होतं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद होते.

"बस. कालचं मी विसरलो. तूही विसर." आवाज पुन्हा मऊ. "पहिला टेक जबरदस्त आलाय. नावं कापून टाकू, मागे बीट टाकू. हे तुझं पत्र. आणि हा संमतीचा फॉर्म. तुला काय सांगायचं, तूच भरून घेतेस सगळ्यांकडून. दोन्हीवर सही कर, घरी जा, तोंड धू, आणि सोमवारी अर्नाल्याला जॉइन हो."

दिपिकानं पत्र उचललं. तिचं नाव, बापाचं नाव, खाली हुद्दा. खोटं कशाला बोलायचं, तिला ते पत्र हवं होतं. अजूनही. त्या खुर्चीवर बसून साठ माणसांना कामं सांगतानाचं आपलं रूप तिनं किती वेळा पाहिलं होतं, आणि ते काम तिला येत होतं, या केबिनमधल्या कुणापेक्षाही चांगलं येत होतं. याचाच तर संताप होता. जे कामावर मिळायला हवं होतं, ते आयची हळद विकून मिळत होतं.

तिनं फॉर्म वाचला. शब्द पाठ होते तरी वाचला. माझा चेहरा व आवाज कंपनीस वापरण्यास माझी हरकत नाही. गेली चार वर्षं हा कागद तिनंच प्रत्येक नवरानवरीपुढं ठेवला होता, आणि सही नसेल तर एक फोटोही वापरायचा नाही, हा नियम सरांनीच तिच्याकडून पाठ करून घेतला होता. मॉडेलची सही असते. तिला पाटावर बसवताना सही घ्यायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं, कारण ती काय, घरचीच.

तिनं फॉर्म कोरा सरकवून दिला. त्याच्यावर पत्र ठेवलं.

"सर, पत्र द्यायचा तं माझ्या कामावर द्या. चार वर्षांचा काम फायलीत हाय, काढून बघा. माझ्या हलदीवर नको. आणि आवाज माझे आयचा हाय. तिची सही तुमाला जन्मात मिलनार नाय."

"हे काय बोलणं?" सर बघत राहिले. "विचार कर. मग पार्किंगलाच परत जावं लागेल."

"जाईन. ते कुपनांवर पन माझंच अक्षर हाय. आणि अर्जात एक दुरुस्ती करायचीय. आय गृहिणी नाय. धवलारीण हाय. बाप मिठागरात हाय. गाव जूचंद्र."

ती बाहेर आली. आपल्या टेबलापाशी जाऊन बसली. ज्युलीनं काचेपलीकडून पाहिलं आणि पाण्याची बाटली तिच्या टेबलावर आणून ठेवली. समोर सोफ्यावर बसलेलं एक जोडपं तिच्या पिवळ्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होतं. बघू दे, तिनं मनात म्हटलं. हे टेबल आणखी किती दिवस आपलं आहे, ते तिला ठाऊक नव्हतं.

फोन वाजला. पलीकडं एक म्हातारी होती, मोठ्यानं बोलणारी, घाबरलेली. "हालो, हालो, हाल पायजे हुता, कोनाशी बोलायचा, मना नाय कलत गो बाय..." अशा फोनला दिपिका रोज काय म्हणायची ते जिभेवर आपोआप आलं होतं. 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते.' केबिनचं दार उघडून हर्षवर्धन सर तिथं येऊन उभे राहिले होते, हाताची घडी घालून ऐकत.

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. तळहाताचे फोड ठणकत होते.

"बोला मावशे," दिपिका म्हणाली, सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल अशी. "लगीन कोनाचा हाय?"